आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत!

विद्यार्थी मित्रांनो, समजा तुमच्या घरी चित्रपट पाहण्यासाठी सहा स्पीकरांचा नवा संच आला आहे. तीन स्पीकर पुढे ठेवायचे, दोन बाजूंना आणि एक जाड, घुमणाऱ्या आवाजासाठी. संचाबरोबर आलेल्या पुस्तिकेत एका सुबक आयताकृती खोलीचे चित्र आहे. तुमचा दिवाणखाना मात्र इंग्रजी एल अक्षरासारखा काटकोनात वळलेला आहे. मोठ्या भागात टीव्ही आणि सोफा आहे, तर उजवीकडे वळलेल्या लहान भागात जेवणाचे टेबल आणि आजींची खुर्ची. चित्रपट सुरू होतो. पाऊस पडतो तो फक्त डावीकडे! आणि आजी म्हणतात, "आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत."

तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. त्यांची कारणे शोधू या. त्यासाठी मोजपट्टी, दोरी, कोनमापक आणि आपले दोन कान एवढी साधने पुरतील.

कानांचे घड्याळ

आवाज कोणत्या बाजूने आला हे आपल्याला कसे कळते? २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. आपल्या दोन कानांत साधारण १८ सेंटिमीटर अंतर असते. उजवीकडून आलेला ध्वनी आधी उजव्या कानात शिरतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानात किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या, सुमारे दोन-तृतीयांश असतो. एवढ्या अल्प फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. शिवाय उंच स्वरांना डोक्याची सावली पडते आणि दूरच्या कानात ते मंद होतात. तो फरकही मेंदूच्या उपयोगी पडतो.

याची प्रचिती घ्यायची आहे? दीड मीटर लांबीची रबरी नळी घ्या आणि तिच्या मध्यावर शाईची खूण करा. मित्राला डोळे मिटून नळीची दोन टोके दोन कानांजवळ धरायला सांगा. टोके कानात खुपसू नयेत. आता खुणेपासून २ सेंटिमीटर उजवीकडे पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. मित्र बहुधा अचूक "उजवीकडे" म्हणेल. वास्तविक दोन्ही मार्गांत फरक आहे फक्त ४ सेंटिमीटरांचा!

पाऊस डावीकडेच का?

आता दिवाणखान्याकडे वळू. तुम्ही मोठ्या भागात मधोमध बसला आहात. डाव्या भिंतीवरचा स्पीकर तुमच्यापासून २ मीटर दूर आहे. उजवीकडे जवळ भिंतच नाही, म्हणून दुसरा स्पीकर लहान भागाच्या पलीकडल्या भिंतीवर, साडेचार मीटरवर लावला आहे. अंतरांतील फरक अडीच मीटर. २.५ ला ३४३ ने भागा. उजवा आवाज सुमारे ७ मिलिसेकंद उशिरा येतो. कानांच्या घड्याळाच्या मानाने हा उशीर फार मोठा झाला.

दोन ठिकाणांहून एकच आवाज थोड्या अंतराने आला, तर आपल्याला दोन आवाज ऐकू येत नाहीत. जो आधी पोहोचतो त्याच्याच दिशेने सारा आवाज आला असे वाटते. हेल्मुट हास यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यातच अंतर वाढले की ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. भिंतींवरून होणारे परावर्तन क्षणभर बाजूला ठेवले, तर उजव्या स्पीकरची तीव्रता डाव्याच्या केवळ एक-पंचमांश उरते. आधी येणाराही डावा आणि मोठा वाटणाराही डावा! पाऊस डावीकडेच पडणार.

उपाय सोपा आहे. तुमच्या खुर्चीला २ मीटर लांबीची दोरी बांधा. टीव्हीच्या मध्याकडे तोंड करा, ती दिशा शून्य अंश माना. कोनमापकाने दोन्ही बाजूंना १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे, दोरी ताणा. दोरीचे टोक जेथे येईल तेथे स्पीकर हवा. उजवीकडे त्या जागी भिंत नसेल, तर उंच स्टूल चालेल, पुस्तकांचे कपाट चालेल किंवा वरच्या तुळईला टांगता येईल. तेथून जाण्यायेण्याची वाट असेल आणि स्पीकर दूरच ठेवावा लागत असेल, तर ॲम्प्लिफायरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर नोंदवण्याची सोय बहुधा असते. तेथे २ आणि ४.५ हे आकडे भरा. मग यंत्र जवळच्या स्पीकरला ७ मिलिसेकंद थांबवून धरते. आवाजाची पातळीही वेगळी जुळवून घ्या.

जाड आवाजाच्या सहाव्या स्पीकरला मात्र दिशेचे बंधन फारसे नाही. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते. एवढ्या लांब तरंगाची दिशा खोलीत बसून कळत नाही. पण भिंतींमध्ये त्याचे अप्रगामी तरंग तयार होतात आणि एका जागी घुमणारा आवाज दुसऱ्या जागी जवळजवळ नाहीसा होतो. वळलेल्या खोलीत साधे सूत्र चालत नाही, म्हणून एक युक्ती करा. तो स्पीकर तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा आणि स्वतः भिंतीकडेने जमिनीलगत रांगत फिरा. जेथे आवाज सर्वांत एकसारखा वाटेल, तेथे स्पीकर ठेवा. ध्वनीचा उगम आणि ऐकणारा यांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो.

आजींचे शब्द कोठे गेले?

आता दुसरी, अधिक महत्त्वाची तक्रार. आजी कोपऱ्याच्या आड बसतात. त्यांना टीव्ही थोडा तिरपा दिसतो, पण मधला स्पीकर दिसत नाही. संवाद मुख्यतः त्याच स्पीकरमधून येतात.

कडेवरून वळण्याच्या ध्वनीच्या गुणाला विवर्तन म्हणतात. तरंगलांबी मोठी असेल, तर ध्वनी सहज वळतो. बोलणाऱ्याच्या कंठाचा मूळ स्वर साधारण १०० ते २०० हर्ट्झचा, म्हणजे दीड ते साडेतीन मीटर तरंगलांबीचा असतो. तो कोपऱ्यावरून आरामात वळतो. पण 'स'मधील फूत्काराचा बराच भाग ४,००० हर्ट्झच्या वर असतो. त्याची तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटरांहूनही कमी. तो कोपऱ्याच्या सावलीत फारसा शिरत नाही. म्हणून आजींना स्वर पोहोचतात, पण स, श, त, थ यांसारखी व्यंजने वाटेतच अडतात. आणि शब्दाशब्दांतला भेद तर व्यंजनेच सांगतात! 'सात' आणि 'साथ' यांतला फरक गेला, की वाक्याचा अर्थही गेला.

वाढत्या वयात ऐकण्याची शक्ती कमी होते, तीही उंच स्वरांपासून. म्हणजे कोपरा जे अडवतो, तेच नेमके आजींच्या कानांनाही कमी ऐकू येते. अशा वेळी आपण काय करतो? आवाज वाढवतो. त्याने जाड आणि बारीक दोन्ही आवाज सारखेच वाढतात. मोठ्या भागातले लोक कान झाकून घेतात आणि आजींचे शब्द पुसटच राहतात.

शिवाय त्यांच्या भागात फरशी, उघड्या भिंती आणि काचेचे कपाट आहे. आवाज तेथे घुमत राहतो आणि मागचा शब्द पुढच्यावर चढतो. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात हीच अडचण होती. बोललेला शब्द तेथे सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळे. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकांनी दुसऱ्या सभागृहातील आसनांच्या गाद्या रात्री तेथे आणून मोजमाप केले. जितका मऊ, सच्छिद्र पृष्ठभाग अधिक, तितका आवाज लवकर विरतो असे त्यांना आढळले. आपल्या घरी सतरंजी, जाड पडदा आणि गोधडी हेच काम करतील.

पण खरा उपाय याहून सोपा आहे. आजींची खुर्ची दोन पावले पुढे आणा. ज्या जागेवरून मधला स्पीकर डोळ्यांना दिसतो, तेथे त्याचे बारीक आवाजही सरळ पोहोचतात. खुर्ची हलवणे शक्य नसेल, तर संवादांचा एक छोटा स्पीकर त्यांच्याजवळ ठेवा. एवढे करूनही शब्द कळत नसतील, तर त्यांचे कान डॉक्टरांकडून अवश्य तपासून घ्या.

मित्रांनो, आज घरी रेडिओ लावा आणि दाराच्या आड उभे राहून बातम्या ऐका. मग हळूहळू दारासमोर या. 'स' कोणत्या पावलाला स्पष्ट होतो, तेथे खडूने खूण करा. असाच प्रयोग वर्गातही करता येईल. खांबाआड बसणारा विद्यार्थी लक्ष देत नाही असे शिक्षकांना वाटत असेल, तर आधी त्याच्या बाकावर बसून ऐकून पाहावे. कदाचित त्याच्यापर्यंत आवाज पोहोचत असेल आणि शब्द पोहोचत नसतील.