जुन्या मोटारींतील वातानुकूलन : आर-१२ ऐवजी आर-१३४ए

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत मोटारींच्या वातानुकूलन यंत्रणेत प्रामुख्याने आर-१२ हे शीतक वापरले जात असे. त्यातील क्लोरीन ओझोनच्या थराचा ऱ्हास घडवतो, हे मोलिना व रोलँड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार विकसनशील देशांना अशा संयुगांच्या वापरासाठी २०१० ही अंतिम मुदत मिळाली. त्यामुळे जुनी मोटार बाळगणाऱ्यास आर-१३४ए कडे वळण्यावाचून सहसा गत्यंतर उरत नाही.

‘गॅस भरणे’ हा गॅरेजमधील रूढ शब्दप्रयोग येथे दिशाभूल करतो. यंत्रणा बंदिस्त असल्याने शीतक खर्च होत नाही. ते कमी झाले असेल तर कोठेतरी गळती आहे. ती न शोधता नवे शीतक भरणे व्यर्थ होय.

खरी अडचण वंगणाची आहे. कॉम्प्रेसरमधील तेल शीतकाबरोबर संपूर्ण यंत्रणेत फिरून परत येते. आर-१२ मध्ये खनिज तेल विरघळते. आर-१३४ए मध्ये ते विरघळत नाही. परिणामी तेल नळ्यांतच अडकते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून जुने तेल शक्य तितके काढून एस्टर किंवा पीएजी तेल घालावे लागते. पीएजी तेल हवेतील बाष्प झपाट्याने शोषते. उरल्यासुरल्या खनिज तेलाशी एस्टर तेलाचे अधिक जुळते. अशा बदलासाठी प्रस्तुत लेखकास तेच श्रेयस्कर वाटते.

त्याचबरोबर रबरी ओ-रिंग व ड्रायर बदलावेत आणि व्हॅक्यूम पंपाने हवा व ओलावा पूर्णपणे काढावा. घाईमुळे हीच पायरी वगळली जाते. शीतक मूळ वजनाच्या सुमारे ८० ते ९० टक्केच भरावे. ६० अंश सेल्सिअसला आर-१२ चा दाब सुमारे १५ बार, तर आर-१३४ए चा सुमारे १७ बार असतो. साहजिकच मे महिन्यात सिग्नलपाशी थांबलेल्या मोटारीत थंडावा थोडा कमी जाणवतो.

जुने शीतक हवेत सोडून देणे सर्वथा गैर आहे; ते यंत्राने काढून सिलिंडरमध्ये साठवावे. स्वयंपाकाचा गॅस भरण्याचा स्वस्त उपाय तर जिवावर बेतणारा आहे, कारण बाष्पित्र प्रवाशांच्या कक्षालगतच असते. आर-१३४ए ओझोनला अपाय करत नसले तरी त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक असल्याने २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्याचाही वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरले आहे.

काम संपल्यावर कोणते शीतक, कोणते तेल व किती वजन, याची चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवावी. पुढच्या मेकॅनिकला यंत्रणेत काय आहे, हे अन्यथा कळणार नाही.