पुन्हा हाती आलेला कुंचला

मुंबईहून निघालेली आगगाडी थळ घाट चढून इगतपुरीस पोचते, तेव्हा ती समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आलेली असते. पावसाळ्यात येथील डोंगर क्षणात धुक्यात बुडतात, क्षणात हिरवेगार होऊन वर येतात. बालपणी चित्रे काढून पुढे संसाराच्या व्यापात ज्याने कुंचला खाली ठेवला, त्याच्याही मनात हे रूप पाहून तो पुन्हा उचलण्याची ऊर्मी उठते. पण हात आता वळेल का, अशी धास्तीही वाटते. येथील दमट हवेत जलरंग लवकर वाळत नाहीत. ते एकमेकांत मिसळतात. एरवी हा दोषच. धुके रंगविताना मात्र तोच कामी येतो आणि बिचकणाऱ्या हाताची चूक पोटात घालतो.

नामांकितांतही निसर्गाच्या ओढीने कलेकडे असे परतलेले आढळतात. कोल्हापूरचे चंद्रकांत मांडरे (१९१३–२००१) यांनी तरुणपणी बाबूराव पेंटर यांच्याजवळ चित्रकलेचे धडे घेतले. पुढे ते नट म्हणून गाजले; १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’ या चित्रपटातील शिवरायांची भूमिका त्यांचीच. उतारवयात मात्र त्यांचे मन डोंगर, झाडे व पाणी यांतच रमले. रंगाची कोरडी पूड कागदावर चोळून ते निसर्गचित्रे काढीत. त्यांच्या राहत्या घराचेच पुढे संग्रहालय झाले व ती चित्रे तेथे मांडली गेली.