पाळण्यासमोरच्या फोटोत आई कुठे आहे?

आमच्या निगडीत दुर्गा टेकडीजवळ अप्पूघर आहे. गावाकडून पाहुणे आले, की भक्ती-शक्तीचं शिल्प दाखवायचं आणि मुलांना अप्पूघरात न्यायचं, असा इथल्या कामगार घरांचा रिवाज. इथल्या पुष्कळ कंपन्यांना सुट्टी गुरुवारी आणि शाळांना रविवारी. त्यामुळे वडील आणि मुलं एकाच दिवशी मोकळी सापडायची नाहीत, आणि सापडली की त्या सहलीचं अप्रूप फार.

अप्पू म्हणजे १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांचा शुभंकर, छोटा हत्ती. त्याच्याच नावाचं अप्पूघर दिल्लीत १९८४ साली सुरू झालं आणि २००८ साली बंद पडलं. मुंबईजवळ गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ ला उघडलं. लाँचमधून खाडी ओलांडून जायचं, ही निम्मी मजा. तेही २०२२ मध्ये बंद झालं.

अशा बंद पडलेल्या बागांचे फोटो काढत हिंडणारी माणसं जगभर आहेत. गंजलेला पाळणा, वेलींनी वेढलेली छोटी आगगाडी. सगळ्यांत प्रसिद्ध पाळणा युक्रेनमधल्या प्रिप्यातचा. त्या बागेचं उद्घाटन १ मे १९८६ ला व्हायचं होतं. २६ एप्रिलला शेजारच्या चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी सगळं शहर रिकामं केलं. फोटोत तो पाळणा दिसतो, पण त्या शहरातल्या आयांनी मुलांना काय कबूल केलं होतं, ते दिसत नाही.

म्हणून आम्हाला वाटतं, गंजाचा फोटो कुणीही काढेल. आपण आपल्या घरचा जुना अल्बम आधी उघडावा. सहलीच्या फोटोंत मुलं असतात, भाचे असतात, गॉगल लावलेले दीर असतात. आई नसते. ती पिशव्या आणि चपला सांभाळत बाकावर बसलेली असते. रोलमध्ये फोटो ३६, धुवायला पैसे वेगळे. मग एकेक फोटो मोजून काढायचा, आणि त्यात बाकाचा नंबर कुठून लागणार?

आता मोबाईल हातात आहे. बाग चालू असो वा बंद, आईला, सासूबाईंना तिथे घेऊन जा आणि विचारा, "तुम्ही कुठे बसला होता?" ती जागा, तिथून दिसणारा पाळणा, यांचा फोटो घ्या. सकाळी किंवा उतरत्या उन्हात घ्या, भर दुपारी चेहऱ्यावर सावल्या पडतात. त्या बोलत असतील तेव्हा मोबाईलवर आवाजही भरून ठेवा. बंद जागेत मात्र रखवालदाराला विचारल्याशिवाय शिरू नका, आणि गंजलेल्या पाळण्यावर मुलांना हौस म्हणूनही चढवू नका. कुंपणाबाहेरूनही फोटो चांगला येतो.

जुने फोटो चिकट पानांच्या अल्बमात असतील तर ओढून काढू नका, फाटतात. पान खिडकीपाशी आडवं ठेवा, वरचा प्लास्टिकचा पापुद्रा सहज उचलत असेल तरच उचला, फ्लॅश बंद करा आणि सरळ वरून टिपा. सुट्ट्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने गाव, साल, नावं लिहा. साल आठवत नसेल तर "धाकटी तेव्हा बालवाडीत" एवढंही चालतं.

आमच्यातल्या एकीने असा अल्बम चाळला, तर तिला अप्पूघराच्या एका फोटोत कडेला फक्त एक हात सापडला. हिरव्या बांगड्या, स्टीलचा डबा. डबा तिने लगेच ओळखला. तो अजून त्यांच्या फडताळात आहे, मेथीदाणे ठेवायला.