स्पंजाची वंशावळ : दोन साक्षीदार

अंग धुवावयास किंवा भांडीं घांसावयास जो स्पंज घरोघर वापरतात, तो बहुधा कारखान्यांत तयार झालेला असतो. खरा स्पंज हा पाण्याच्या तळाशीं एके जागीं चिकटून राहणारा प्राणी होय. त्यास मज्जातंतु नाहींत, स्नायु नाहींत. अंगावरील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून पाणी आंत घ्यावें, त्यांतील अन्नकण टिपावे आणि मोठ्या द्वारानें तें बाहेर सोडावें, एवढाच बहुतेकांचा संसार! परंतु हा साधा जीव पृथ्वीवर प्रथम केव्हां अवतरला, हा प्रश्न मात्र साधा नाहीं.

या कामीं दोन साक्षीदार आहेत. पहिला खडक. पुष्कळ स्पंजांच्या शरीरांत सिलिकेच्या किंवा चुन्याच्या सुईसारख्या कंटिका असतात. देह कुजला तरी त्या खडकांत टिकून राहतात. अशा निःसंशय कंटिका, सुमारें ५४ कोटी वर्षांपूर्वीं सुरू झालेल्या कँब्रियन कालापासूनच आढळतात.

दुसरा साक्षीदार जिवंत प्राण्यांच्या पेशींतील डीएनए. पिढ्यानुपिढ्या त्यांत बारीक फरक सांचत जातात. ते मोजून, व ज्यांचें वय ठाऊक आहे अशा अवशेषांशीं ताडून, दोन कुळांचे पूर्वज केव्हां विभक्त झाले याचा अदमास बांधतां येतो. हें जणूं रेणूंचें घड्याळच होय. त्याची गति सर्वत्र सारखी नसते, म्हणून उत्तरांत फरक पडतो. तरी अनेक गणनांप्रमाणें स्पंजांचा उगम सुमारें ७० कोटी वर्षांपूर्वीं झाला असावा.

मग मधलीं १६ कोटी वर्षें गेलीं कोठें? इ. स. २०२४ मध्यें ‘नेचर’ या नियतकालिकांत चीनमधील एका अवशेषाचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्याचें नांव हेलिकोलोसेलस. वय सुमारें ५५ कोटी वर्षें. मोठ्या चौकटींत लहान चौकटी अशी त्याच्या अंगावरील नक्षी आजच्या कांच-स्पंजांची आठवण देते. परंतु खनिज कंटिका त्यांत नाहींत! यावरून संशोधकांनीं अनुमान काढलें कीं, आद्य स्पंज मऊ शरीराचे असावेत व कठीण कंटिका मागाहून आल्या असाव्यात. मऊ देह क्वचितच अश्मीभूत होतो.

एका अवशेषानें सारी पोकळी भरून निघाली नाहीं. पण बोध मोठा झाला. साक्षीदार गप्प बसला म्हणून घटना घडलीच नाहीं, असें ठरत नाहीं. आपण खडकास केवळ कंटिकांविषयींच विचारीत होतों. प्रश्न बदलतांच तो बोलूं लागला. विद्यार्थिमित्रांनो, उत्तर न मिळाल्यास आपला प्रश्न एकदां तपासून पाहावा, हें शास्त्राप्रमाणेंच अभ्यासांतहि खरें आहे.