दुब्रोव्निक : तराजूला साक्षी ठेवणारी नगरी

क्रोएशियातील दुब्रोव्निक दोन-तीन दिवसांत पाहून होते. व्यापारी कुटुंबाच्या मनात मात्र ते दीर्घकाळ राहते. भूमध्य सागराच्या एड्रियाटिक या शाखेवर येथे पूर्वी ‘रागुसा’ नावाचे व्यापारी प्रजासत्ताक नांदत होते. मोठे सैन्य नसतानाही, ऑटोमन सुलतानाला खंडणी देऊन आणि मुत्सद्देगिरीच्या बळावर त्याने आपला व्यापार शतकानुशतके राखला. नगरप्रमुखाची मुदत अवघी एक महिन्याची असे.

सुमारे १,९४० मीटर लांबीच्या तटबंदीची फेरी सकाळीच करावी. उन्हाळ्यात दुपारी दगड तापतो. वरून पाहता जुन्या फिकट कौलांमध्ये नवी लाल कौले उठून दिसतात. १९९१-९२ च्या वेढ्यात तोफगोळ्यांनी फुटलेली छपरे पुन्हा घातली गेली, त्याची ही खूण.

खाली उतरताच स्पोंझा प्रासाद लागतो. सोळाव्या शतकातील हे जकातघर १६६७ च्या भीषण भूकंपातही टिकले. आतील कमानीवर लॅटिन लेख आहे. आमची वजने कोणाला फसवू देत नाहीत आणि माल तोलणाऱ्याला स्वतः ईश्वर तोलत असतो, असा त्याचा आशय. तत्त्वार्थसूत्रानेही कमी-अधिक मापे वापरणे हा अचौर्याणुव्रताचा अतिचार मानला आहे. भाषा निराळी, धर्मही निराळा. पेढीवरील कसोटी मात्र तीच!

याच नगरीने १३७७ मध्ये साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला आणि १४१६ मध्ये आपल्या नागरिकांना गुलामांच्या व्यापारास मनाई केली. दोन्ही निर्णयांत तात्कालिक नफ्यावर पाणी सोडणे होते.

२०२३ पासून क्रोएशियात शेंगेन व्हिसा व युरो चलन लागू आहे. जूनमध्ये सूर्यास्त रात्री साडेआठच्या सुमारास होत असल्याने चौविहार सहज पाळता येतो. पाव, अंजीर, ऑलिव्ह, टोमॅटो मुबलक मिळतात. ‘ब्लित्वा’ या पालेभाजीत मात्र बटाटा व लसूण असतो, म्हणून आधी विचारून घ्यावे.

१८०८ मध्ये नेपोलियनच्या सत्तेने हे प्रजासत्ताक संपविले. जकात गेली, गलबते गेली. कमानीवरील तो लेख मात्र अजून तेथेच आहे. मुलांना तो आवर्जून दाखवावा.