जुलैत कोकणात जाताना बॅगेत काय भरायचं?

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की तुमच्यापैकी बरेच जण आजी-आजोबांना भेटायला भारतात जातात. पण अमेरिकेतला किंवा इंग्लंडमधला उन्हाळा म्हणजे कोकणातला भर पावसाळा! इथे तुम्ही गॉगल शोधत असता, तेव्हा तिथे आजी दोरीवरचे कपडे धावत जाऊन घरात आणत असते. म्हणून बॅग भरताना तिथल्या हवेचा विचार करा.

हवा कशी असते?

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत! लंडनमध्ये अख्ख्या वर्षात साधारण ६०० मिलिमीटर पडतो. तरी कोकणात थंडी वाजत नाही. तापमान २५ ते ३० अंश असतं. हवा दमट असते, त्यामुळे घाम वाळत नाही आणि अंग चिकट होतं.

कपडे आणि चपला

जीन्स शक्यतो घरीच ठेवा. जाड कापड खूप पाणी धरून ठेवतं. हवेत आधीच भरपूर बाष्प असतं, म्हणून कपड्यातलं पाणी लवकर उडून जात नाही. भिजलेली जीन्स दोन दिवस ओलसर राहते आणि तिला कुबट वास येतो. त्यापेक्षा पातळ, सुती कपडे घ्या. पाच-सहा जोड पुरतात, कारण तिथे रोज कपडे धुतात. पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि लांब पायजमे घ्या, म्हणजे डास कमी चावतील.

चामड्याच्या बुटांना बुरशी येते. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल बऱ्या. शेवाळलेल्या अंगणात साधी चप्पल पटकन घसरते! छत्री आणि रेनकोट तिथल्या बाजारात सहज मिळतात.

तब्येत सांभाळा

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि मलेरियाचा रात्री. म्हणून डासांचं मलम दिवसाही लावा. जायच्या चार ते सहा आठवडे आधी आई-बाबांबरोबर डॉक्टरांकडे जा. काही लसींचा परिणाम व्हायला वेळ लागतो.

पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात खेळू नका. त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा आजार होऊ शकतो. एक छोटी टॉर्चही घ्या. पावसात वीज जाते, आणि रात्री अंगणात साप किंवा विंचू असू शकतो.

हातातली बॅग

मोठी बॅग कधीकधी विमानतळावर मागे राहते. दोन दिवस कपडे नसले तरी चालेल. मामेभावाचा टी-शर्ट घालता येईल. पण तुमचा इन्हेलर मामेभावाकडे नसतो! म्हणून रोजची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा आणि पासपोर्ट हातातल्या बॅगेतच ठेवा. पॉवर बँकही तिथेच. मोठ्या बॅगेत ती ठेवू देत नाहीत.

अमेरिकेत वीज १२० व्होल्टची असते, भारतात २३० व्होल्टची. चार्जरवर '१००–२४०' लिहिलं असेल तर तो तिथे चालतो, फक्त प्लगसाठी अडॅप्टर लागतो. अमेरिकेतला हेअर ड्रायर मात्र तिथे जळू शकतो.

थोडी जागा रिकामी ठेवा

परत येताना आजी तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवणार नाही. आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी अशा पुड्या ती आधीच बांधून ठेवते. काय नेता येतं, ते आई-बाबांना आधी बघायला सांगा. ताजी फळं अनेक देशांत विमानतळावर काढून घेतात.

आणि बॅग बंद करण्याआधी आजीला फोन करा. "आजी, तुझ्यासाठी काय आणू?" असं विचारा. ती म्हणेल, "काही नको रे बाळा, तुम्ही या फक्त." तरी काहीतरी न्याच!

शब्दार्थ
दमट – हवेत खूप ओलावा असलेली
बाष्प – पाण्याची वाफ
कुबट – ओल्या, बंद जागेला येतो तसा (वास)
आमसूल – कोकमाची वाळवलेली साल

सांगा पाहू
१. कोकणात भिजलेली जीन्स लवकर का वाळत नाही?
२. इन्हेलर कोणत्या बॅगेत ठेवावा? का?
३. तुम्ही आजी-आजोबांसाठी काय न्याल? तीन वाक्यांत लिहा.