भाताची भन्नाट कुंडली

शेतात उभा असतो तेव्हा भात, ताटात पडला की पुन्हा भात. मधे गिरणीपासून दुकानापर्यंत तेवढा तांदूळ! असा डबल रोल करणारा हा हिरो आतून किती फिल्मी आहे, माहीत आहे का? चला, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत त्याची कुंडली मांडू.

जीन्समध्ये आपण मागे!
माणसाकडे जीन्स (पँट नव्हे, जनुकं!) साधारण २० हजार. भाताकडे? सुमारे ३७ हजार! २००५ मध्ये 'निप्पॉनबारे' या जपानी वाणाची जनुकीय पोथी वाचून पूर्ण झाली, तेव्हा हा हिशेब लागला. आता कुणाला 'वरणभात' म्हणून चिडवताना जपून.

गोरेपणा? छे, स्पेलिंग मिस्टेक!
जंगली भाताचा दाणा लाल. मग पांढरा आला कुठून? एका जनुकातली १४ अक्षरं गळाली आणि लाल रंग बनणंच थांबलं. जगातले बहुतेक पांढरे तांदूळ याच चुकीचे वारसदार. कोकणातला लाल तांदूळ मात्र शुद्धलेखनात पक्का!

सुवासही बिघाडाचाच
बासमतीच्या एका जनुकातली ८ अक्षरं गायब आहेत. त्यामुळे एक एन्झाइम बनत नाही आणि सुगंधी रसायन दाण्यात साठत जातं. पॉपकॉर्नच्या घमघमाटातही हेच रसायन असतं, माहीत आहे का? म्हणजे बिर्याणी आणि इंटरव्हल नात्यातलेच निघाले.

एक पळतो, एक दम धरतो
पूर आला की खोल पाण्यातले काही भात दिवसाला २०-२५ सेंटीमीटर वाढून डोकं वर काढतात. त्यांच्या जनुकांचं नावच 'स्नॉर्कल'! ओडिशाच्या 'एफआर १३ ए'ची तऱ्हा उलटी. तो पाण्याखाली वाढ थांबवतो, ताकद राखून ठेवतो आणि दोन आठवड्यांनी पाणी ओसरलं की पुन्हा उभा! त्याचंच जनुक घेऊन २००९ मध्ये 'स्वर्णा सब-१' भारतीय शेतात उतरला.

लग्न जमता जमेना
भाताचं फूल बहुधा स्वतःशीच लग्न लावून मोकळं होतं. दोन वाणांचा संकर करायचा तर आधी एकेका फुलातले ६ पुंकेसर काढून टाकायचे. मध्यस्थाचं काम इतकं नाजूक!

इंद्रायणीचं आजोळ
इंडोनेशियाचा उंच 'पेटा' आणि तैवानचा बुटका 'डी-जिओ-वू-जेन' यांचं फिलिपिन्समध्ये जुळलं आणि १९६६ मध्ये आला हरितक्रांतीचा स्टार, 'आयआर ८'. त्याची सोयरीक पुढे आपल्या आंबेमोहोर १५७ शी झाली. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात जन्मलेलं अपत्य कोण, माहीत आहे का? तुमचा लाडका इंद्रायणी! म्हणजे मावळच्या मऊ भाताचं अर्धं गणगोत परदेशी.

सहा हजारांत एक
१९७० च्या सुमारास आशियातल्या भातावर 'ग्रासी स्टंट' विषाणू तुटून पडला. ६ हजारांहून जास्त नमुने तपासले, पण त्याला पुरून उरला उत्तर प्रदेशातला एकच रानटी भात, 'ओरायझा निवारा'! भातसंशोधक गुरदेव खुश यांच्या चमूने त्याची प्रतिकारशक्ती लागवडीच्या भातात आणली. १९७६ चा 'आयआर ३६' त्याच वंशातला.

ही घड्याळाची वेळ
चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे शिकले तिसरीपर्यंत. पण १९८३ मध्ये 'पटेल ३' या वाणाच्या शेतात वेगळ्या लोंब्या त्यांनी अचूक हेरल्या. त्यांचं बियाणं त्यांनी जपलं, वाढवलं. तेव्हा एचएमटी घड्याळांची चलती होती; तेच नाव तांदळाला असं चिकटलं की आजतागायत सुटलेलं नाही.

तांदळाचा लॉकर
फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत १ लाख ३० हजारांहून अधिक नमुने थंडीत झोपले आहेत. इथे शितावरून भाताची परीक्षा कशी करणार? पुढची साथ आली, तर 'निवारा' यांतला कोण देईल, कुणास ठाऊक!

झाल्या तीन शिट्ट्या? मग एवढं करा: पुढच्या खेपेला दुकानात नुसता 'चांगला तांदूळ द्या' म्हणू नका, वाणाचं नाव विचारा. आंबेमोहोर, आजरा घनसाळ किंवा गावाकडचा एखादा लाल तांदूळ किलोभर तरी घरी आणा. लॉकरमधलं वाण नमुना म्हणून टिकतं. शेतात ते टिकतं, कुणीतरी खातं म्हणून.